पहिल्या पुस्तकांशीं इमान

विवेक येण्यापूर्वीं जडलेल्या प्रेमाचें विवेक आल्यानंतर काय करावें, हा प्रश्न नीतिशास्त्राच्या ग्रंथांतून फारसा चर्चिलेला आढळत नाहीं. आईबापांविषयींच्या प्रेमाला कर्तव्याचा आधार असतो, जन्मभूमीविषयींच्या प्रेमाला समाजाचा. त्यामुळें तीं प्रेमें विवेकपूर्व असलीं तरी त्यांचें समर्थन कोणी मागत नाहीं. परंतु नवव्या-दहाव्या वर्षीं एखाद्या पुस्तकावर जें मन बसतें त्याला असा कोणताच आधार नसतो. आपण त्या पुस्तकाला विसरलों तर त्याचें कांहीं बिघडत नाहीं. आणि पुढें अभिरुचि घडली म्हणजे तेंच पुस्तक सामान्य, क्वचित् सदोषही होतें, हें आपलें आपल्यालाच दिसूं लागतें. तरीही तें आवडतेंच. इंग्रजी वाङ्मय शिकविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें अशीं माणसें फराळाच्या गप्पांत शेक्सपिअरविषयीं जपून बोलतात, आणि लहानपणीं वाचलेल्या एखाद्या साहसकथेचें नांव निघतांच मोकळीं होतात, हें आम्हीं अनेकदां पाहिलें आहे. हा मोकळेपणा केवळ दुर्बलता समजावयाची, कीं त्यांत कसलें तरी ऋण मान्य केलें जात आहे असें धरावयाचें? आम्हांला हा रुचीचा प्रश्न वाटत नाहीं, नीतीचा वाटतो. कारण पुढच्या पिढीच्या हातांत आपण काय ठेवतों, आणि ठेवलेलें काय काढून घेतों, हें त्याच्या उत्तरावर अवलंबून आहे.

या प्रेमाचा उगम बहुधा ग्रंथालयांत होतो, घरांत नव्हे. ज्यांच्या घरीं पुस्तकांचीं कपाटें आहेत अशीं मुलें आमच्याकडे नेहमींच थोडीं. बाकीच्यांना पुस्तक म्हणजे शाळेचें क्रमिक पुस्तक, नाहीं तर देव्हाऱ्याजवळची पोथी. पहिलें परीक्षेसाठीं, दुसरी पुण्यासाठीं. केवळ वाचण्यासाठीं म्हणून जें पुस्तक असतें तें त्यांना प्रथम भेटलें गांवच्या वाचनालयांत. महाराष्ट्राची या बाबतींतली परंपरा जुनी आहे. पुण्याची नेटिव्ह जनरल लायब्ररी १८४८ सालीं लोकहितवादींच्या पुढाकारानें निघाली व पुढें पुणें नगर वाचन मंदिर या नांवानें ओळखली जाऊं लागली. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चें, मुंबईचें १८९८ चें. कोल्हापूर संस्थानानें १९४५ सालीं सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला, तेव्हां हिंदुस्थानांत तसा कायदा दुसरीकडे कोठेंही नव्हता. महाराष्ट्र राज्याचा कायदा १९६७ सालचा. मात्र दहा वर्षांच्या मुलाला या संस्थांनीं काय दिलें, तें कायद्यांत किंवा वार्षिक अहवालांत सांपडत नाहीं.

आम्हांला ठाऊक असलेला बालविभाग म्हणजे जिन्याखालचें एक कांचेचें कपाट होतें. त्यांतल्या सगळ्या पुस्तकांना एकाच तपकिरी कागदाचें वेष्टण घातलेलें असे आणि पाठीवर शाईनें क्रमांक टाकलेला असे. चित्र नाहीं, रंग नाहीं. लेखकाचें नांव मुलांना कांहीं सांगत नसे. तेव्हां निवड करावयाची कशावरून? मुलांनीं आपापसांत एक कसोटी शोधून काढली होती, आणि ती मोठ्या समीक्षकांच्या बऱ्याच कसोट्यांपेक्षां भरंवशाची होती: जें पुस्तक अधिक मळकें तें अधिक चांगलें. पानांचे कोपरे मऊ पडलेले, शिवण सुटलेली, शेवटल्या पानावरच्या चिठ्ठीवर तारखांचे शिक्के दाटीनें उमटलेले, असें पुस्तक दिसलें कीं तें डोळे मिटून न्यावें. कोरें करकरीत पुस्तक म्हणजे कोणा तरी शिक्षणाधिकाऱ्याच्या शिफारशीनें आलेला उपदेश, अशी सर्वांची खात्री होती. ती बहुतेक वेळां खरीही ठरे.

या कपाटासमोर मुलाच्या आयुष्यांत दोन गोष्टी प्रथमच घडतात, आणि दोहोंचाही संबंध नीतीशीं आहे. पहिली गोष्ट निवडीची. अन्न, वस्त्र, शाळा, देव, सोयरे यांपैकीं कांहींच मूल निवडीत नाहीं. येथें मात्र कांचेपलीकडच्या दोनशें पुस्तकांतलें एक त्याला स्वतः सांगावें लागतें. आणि नियम एका वेळीं एकाच पुस्तकाचा असल्यामुळें, निवड चुकली तर ती चुकलेली निवड घरीं नेऊन दोन दिवस सोसावी लागते. आपल्या इच्छेचें फळ आपल्याच पदरीं पडण्याचा हा अनुभव इतका सौम्य, इतका निरुपद्रवी दुसरीकडे क्वचितच मिळेल.

दुसरी गोष्ट परतीची. जें आवडलें तें परत करावयाचें असतें. हें जरा विचार करण्याजोगें आहे. मुलाला खेळणें आवडलें तर तें त्याचें होतें. मिठाई आवडली तर ती त्याच्या पोटांत जाते. पण वाचनालयाचें पुस्तक कितीही आवडलें तरी सातव्या दिवशीं खिडकीवर ठेवावेंच लागतें, आणि पुढल्या आठवड्यांत तें आपल्याच वर्गांतल्या, आपल्याला मुळींच न आवडणाऱ्या एखाद्या मुलाच्या काखेंत दिसतें. त्या वेळीं जो मत्सर वाटतो त्याला तोड नाहीं. आणि तरीही, तो मुलगा तें वाचून संपवितो तेव्हां त्याच्याशीं बोलण्याजोगें कांहीं तरी निर्माण झालेलें असतें. स्वामित्वावांचून प्रेम करतां येतें, एवढेंच नव्हे तर कांहीं प्रेमें स्वामित्वावांचूनच नीट होतात, हा धडा संतांच्या वाङ्मयांतून शिकणारे शिकतात. आमच्या मतें पुष्कळांना तो खिडकीवरच्या नोंदवहीनें शिकविला आहे. पुढें चार पैसे हातांत आल्यावर लहानपणचीं आवडतीं पुस्तकें हुडकून, दामदुप्पट देऊन विकत घेणारे गृहस्थ आमच्या परिचयाचे आहेत. त्यांचा आनंद खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. पण तीं पुस्तकें कपाटांत आलीं कीं ते क्वचितच वाचतात, हेंही आम्हीं पाहिलें आहे.

असो. आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. त्याचें सर्वांत सोपें उत्तर सी. एस. लुईस या इंग्रज पंडितानें १९४७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका निबंधांत देऊन ठेवलें आहे. जें पुस्तक पन्नासाव्या वर्षीं तितकेंच, किंबहुना अधिक, वाचनीय वाटत नाहीं तें दहाव्या वर्षींही वाचण्याच्या योग्यतेचें नव्हतें, असें त्याचें म्हणणें. हें उत्तर मान्य केलें तर आमची अडचणच नाहींशी होते: चांगलें पुस्तक टिकतें, टिकलें नाहीं तें चांगलें नव्हतें, आणि त्याच्याशीं इमान राखण्याचें कारण उरत नाहीं. लुईसनें हें मुलांच्या पुस्तकांचा कैवार घेण्यासाठीं लिहिलें आहे, हें खरें; त्यांना कमी लेखणाऱ्यांना तें उत्तर होतें. परंतु त्यांत एक गोष्ट गृहीत धरली आहे, कीं पन्नास वर्षांचा वाचक हा दहा वर्षांच्या वाचकाचा न्यायाधीश आहे. तसें कां असावें? आईचें दूध प्रौढाला पचत नाहीं म्हणून तें तान्ह्यालाही अयोग्य होतें असें कोणी म्हणत नाहीं. फुरसुंगीच्या बनेश फेणेला भा. रा. भागवतांनीं ज्या वेगानें पळविलें आहे, तो वेग आम्हांला आज अंमळ अधिक वाटतो. पात्रें पुरतीं उभीं राहण्यापूर्वींच चोर पकडला जातो. दहा वर्षांच्या वाचकाची ही तक्रार नव्हती. त्याला पात्रें नको होतीं, पाय हवे होते. आणि ते त्याला मिळाले. पुस्तकानें आपलें काम चोख केलें. तें काम आतां आपल्याला नको असेल तर हिशेब पुरा झाला म्हणावें, पुस्तकाच्या नांवें बाकी काढूं नये.

दुसरें उत्तर अधिक सूक्ष्म आहे व तें फ्रेंच कादंबरीकार मार्सेल प्रूस्त याचें. रस्किनच्या एका ग्रंथाच्या भाषांतरासाठीं १९०५ सालीं लिहिलेल्या प्रस्तावनेंत त्यानें असें दाखविलें आहे, कीं लहानपणच्या वाचनांतून जें आपल्याजवळ उरतें तें पुस्तक नसतेंच. वाचतांना खेळायला बोलावणारा सोबती, पानावर येऊन त्रास देणारी माशी किंवा उन्हाची तिरीप, जेवणाची हांक, या ज्या गोष्टींचा तेव्हां राग आला त्याच स्मृतींत गोड होऊन राहतात. पुस्तक हें त्या गेलेल्या दिवसांचें केवळ पंचांग. हें वाचतांना प्रत्येकाला आपलें कांहीं तरी आठवतें, म्हणून तें खरें वाटतें. पण तें पुरतें खरें नाहीं. तसें असतें तर त्याच दुपारीं, त्याच ओटीवर वाचलेलें भूगोलाचें पुस्तकही तितकेंच प्रिय व्हावयास हवें होतें. तें होत नाहीं. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत हंसपदिकेचें गाणें ऐकून दुष्यंत अकारण व्याकुळ होतो. कशाची आठवण होते आहे हें त्याला कळत नाहीं, पण ती कशाची तरी आहे, आणि तें कशाचें तरी म्हणजे शकुंतला आहे, राजवाड्यांतली ती विशिष्ट वेळ नव्हे. आपण पुस्तक विसरलों तरी आपल्यांत जें हालतें तें पुस्तकानेंच तेथें ठेवलेलें असतें.

येथपर्यंतचा विषय तसा सुखाचा आहे. खरी अडचण पुढें आहे. पुष्कळ आवडतीं पुस्तकें प्रौढपणीं नुसतीं फिकीं पडत नाहींत. त्यांत असें कांहीं आढळतें कीं ज्याची लाज वाटावी.

रॉबिन्सन क्रूसोचेंच पाहा. १७१९ पासून जगांतल्या किती भाषांतल्या मुलांनीं हें पुस्तक वाचलें असेल याची गणती नाहीं. मराठींतही तें एकोणिसाव्या शतकांतच आलें. बेटावरची गुहा, शेळ्या, छत्री, वाळूंतलें एकच पाऊल, हें सर्वांच्या लक्षांत असतें. झूरी मात्र फारच थोड्यांच्या लक्षांत असतो. बेटाच्या पूर्वीं क्रूसो मूर लोकांच्या दास्यांत असतो व तेथून होडींत बसून निसटतो; त्या वेळीं झूरी नांवाचा एक पोरगा त्याच्या सोबतीला असतो. तो त्याच्यासाठीं पाणी आणतो, श्वापदांपुढें आधीं आपण जायला तयार होतो. पुढें एक पोर्तुगीज तांडेल त्यांना वांचवितो, आणि क्रूसो त्या पोराला त्या तांडेलास साठ नाण्यांना विकून टाकतो. थोडे आढेवेढे घेतो. दहा वर्षांनीं, ख्रिस्ती झाल्यास, सुटका करण्याचें वचन तांडेलानें दिल्यावर त्याचें समाधान होतें. नंतर ब्राझीलमध्यें मळ्यावर हात कमी पडूं लागतात तेव्हां झूरीला दिला ही चूक झाली असें त्याला वाटतें, पण तें मजुराच्या गरजेनें. आणि ज्या सफरींत त्याचें जहाज फुटून तो बेटाला लागतो, ती सफर आफ्रिकेंतून गुलाम आणण्याची होती.

दहा वर्षांच्या वाचकाला यांतलें कांहीं खटकत नाहीं, कारण तो क्रूसोच्या होडींत बसलेला असतो आणि होडी पुढें गेली पाहिजे. यांत गंमत अशी, कीं रूसोसारख्या कडक परीक्षकानेंही हें पुस्तक मुलाच्या हातीं दिलें. १७६२ च्या ‘एमील’मध्यें त्यानें ला फोंतेनच्या बोधकथांना मनाई केली, कारण कावळा व कोल्हा यांची गोष्ट वाचून मूल शिकणार तें कोल्ह्याची लबाडी, आणि मग एकच पुस्तक म्हणून क्रूसो दिला. तोही जहाज फुटल्यापासून सुटकेचें जहाज येईपर्यंतचा. बाकीचा भाग त्याच्या लेखीं पसारा होता. त्या पसाऱ्याबरोबर झूरीही गेला. रूसोनें त्याला अनीतीसाठीं वगळलें नाहीं, निरुपयोगी म्हणून वगळलें, ही गोष्ट आम्हांला मूळ विक्रीपेक्षां फारशी कमी वाटत नाहीं.

मग करावयाचें काय? एक पक्ष म्हणतो, असें पुस्तक मुलांपासून दूर ठेवा. दुसरा म्हणतो, दोष तेवढा गाळून, शब्द तेवढे बदलून द्या. १९२३ नव्हे, अगदीं अलीकडे २०२३ सालीं रोआल्ड डालच्या बालकथांच्या नव्या आवृत्तींत प्रकाशकांनीं शेंकडों शब्द बदलल्याचें उघड झालें आणि एवढा गिल्ला झाला कीं जुना पाठही स्वतंत्रपणें विकत ठेवण्याचें त्यांना जाहीर करावें लागलें. येथें एक भेद केला पाहिजे. डालनें स्वतः १९६४ सालच्या आपल्या चॉकलेट-कारखान्याच्या गोष्टींतले आफ्रिकी मजूर १९७३ च्या आवृत्तींत बदलून निराळे केले होते. लेखकाला आपल्या हातानें आपली चूक दुरुस्त करण्याचा अधिकार आहे. लेखकाच्या पश्चात्, वाचकाला न सांगतां, दुसऱ्यानें ती करावी हा प्रकार वेगळा. आणि तो नेहमीं दुबळ्यांच्या कैवारानेंच होतो असेंही नाहीं. ज्यूल व्हर्नचा कॅप्टन नेमो कोण, हें त्याच्या दुसऱ्या कादंबरींत, गूढ बेटाच्या गोष्टींत, उघड होतें: तो बुंदेलखंडाच्या एका राजाचा मुलगा, टिपूच्या घराण्याशीं नातें असलेला, १८५७ च्या युद्धांत इंग्रजांशीं लढलेला राजपुत्र डक्कर. समुद्राच्या तळाशीं राहणारा तो अबोल, जगावर रुसलेला मनुष्य आपला निघाला, या शोधानें हिंदी मुलाची छाती केवढी फुगते! पण डब्ल्यू. एच. जी. किंग्स्टन यांच्या नांवानें निघालेल्या, दीर्घ काळ प्रचारांत असलेल्या इंग्रजी भाषांतरांत नेमोच्या तोंडची इंग्रजी सत्तेवरील टीका बोथट करून टाकलेली होती. मुख्य पात्राचें आडनांवही स्मिथचें हार्डिंग झालें होतें. ज्या इंग्रजी मुलांनीं तें पुस्तक जिवापाड जपलें, त्यांना आपण कशावर प्रेम करतों आहों हें ठाऊक नव्हतें. मनुष्याच्या अज्ञानाचा असा फायदा घेऊं नये. मग हेतु साम्राज्य राखण्याचा असो वा मुलांचें मन राखण्याचा.

तेव्हां झूरी पुस्तकांत राहिला पाहिजे. तो राहिला तर पहिल्या वाचनांत मूल त्याला ओलांडून जाईल, हें उघड आहे. पण दुसऱ्या वाचनांत, विसाव्या किंवा चाळिसाव्या वर्षीं, तो तेथें सांपडेल. आणि ज्या पुस्तकावर आपण प्रेम केलें त्याच पुस्तकांत तो सांपडल्यामुळें जो धक्का बसेल, तो गुलामगिरीच्या इतिहासाचीं दहा प्रकरणें वाचून बसणार नाहीं. परक्याचा दोष आपण सहज पाहतों, त्याचें आपल्याला कांहीं लागत नाहीं. आवडत्याचा दोष पाहतांना आपल्यालाच कांहीं तरी सोडावें लागतें. इमान याचा अर्थ आम्ही असा करतों: पुस्तकानें दिलेलें नाकारावयाचें नाहीं, आणि त्यानें लपविलेलेंही झांकावयाचें नाहीं. ज्यांनीं आपल्याला धुळाक्षरें शिकविलीं त्या गुरुजींविषयीं आपण असेंच वागतों. त्यांची छडी आपण विसरत नाहीं, तिचें समर्थनही करीत नाहीं. पण रस्त्यांत भेटले तर वाकून नमस्कार करतों.

विवेकाच्या नांवाखालीं जुनीं प्रेमें झटकून टाकणारांनीं डार्विनचें आत्मचरित्र एकदां वाचावें. शाळकरी वयांत शेक्सपिअरचीं ऐतिहासिक नाटकें घेऊन तो खिडकींत तासन् तास बसे. म्हातारपणीं तोच शेक्सपिअर त्याला इतका कंटाळवाणा वाटूं लागला कीं वाचवेना. त्यानें हें प्रामाणिकपणें लिहून ठेवलें आणि त्याबद्दल खेदही केला: पुन्हा जन्म मिळाला तर आठवड्यांतून एकदां तरी काव्य वाचण्याचा नियम ठेवीन, कारण ही रुचि गेल्यानें सुख जातें आणि कदाचित् बुद्धीला व शीलालाही अपाय होतो. एवढ्या मोठ्या शोधकाला शीलाचें नांव घ्यावेंसें वाटलें हें लक्षांत घेण्याजोगें आहे. गोड शेवटाच्या कादंबऱ्या मात्र त्याला अखेरपर्यंत आवडत, ही त्यांतल्या त्यांत समाधानाची गोष्ट.

परंतु आपल्या प्रेमाचा दुसऱ्यावर हक्क चालतो काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो आमच्यापुढें मागें एका वाचनालयाच्या समितींत व्यवहाराच्या रूपानें आला. जागा अपुरी, म्हणून ज्या पुस्तकांना दहा वर्षांत एकही वाचक आला नाहीं तीं बाद करावयाचीं होतीं. बालविभागांतलीं अशीं चाळीसएक पुस्तकें टेबलावर मांडलेलीं होतीं. रंगनाथन यांनीं १९३१ सालीं ग्रंथालयशास्त्राचीं जीं पांच सूत्रें मांडलीं त्यांत प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असें एक आहे, आणि ग्रंथालय ही वाढणारी वस्तु आहे असें दुसरें. एक पुस्तक राखावयास सांगतें, दुसऱ्यासाठीं जागा करावी लागते. समितींतले एक वृद्ध सभासद, निवृत्त पोस्टमास्तर, त्या ढिगांतलें एक साहसाचें पुस्तक हातांत धरून बसले. शिवण तुटलेली, मधलीं चार पानें नाहींत, भाषा इतकी जुनी कीं आजच्या मुलाला अडखळावें लागेल. हें ठेवा, असा त्यांचा आग्रह. दुसऱ्या एका तरुण बाई म्हणाल्या, “काका, तुम्हांला आवडलें म्हणून आजच्या मुलांची जागा त्यानें कां अडवावी?” प्रश्न रास्त होता. आम्हीं बाईंच्या बाजूनें मत दिलें आणि आजही देऊं. आवड ही शिफारस होऊं शकते, हक्क होऊं शकत नाहीं; जें कपाट एका काळीं आपल्या निवडीसाठीं मोकळें होतें तें आतां दुसऱ्याच्या निवडीसाठीं मोकळें ठेवणें, हेंही त्याच इमानांत येतें.

तेव्हां कोणी तरी सुचविलें, कीं पोस्टमास्तरांनीं तें पुस्तक घरीं न्यावें. बाद झालेलेंच आहे, कोण विचारणार. ते जरा रागावलेच. “मी घरीं नेऊन काय करूं?” ते म्हणाले, “मला तें पाठ आहे. तें कोणा पोरानें न्यायला हवें होतें.” मग त्यांनीं मागितलें एवढेंच, कीं बांधणी आपल्या खर्चानें करून देतों, एक वर्ष खालच्या खणांत राहूं द्या, आणि नाहींच नेलें कोणी तर रद्दींत घाला. बाईंनींच हें मान्य केलें. गहाळ चार पानांची कथा पोस्टमास्तरांनीं आपल्या हस्ताक्षरांत दोन कागदांवर लिहून दिली व ते कागद बांधणींत घालण्यांत आले. वर्ष पुढच्या चैत्रांत पुरें होतें.